टेटूखालची हाडं

तुम्ही गाडीतून खाली उतरला नाहीत. बाकीचं मागाहून बोलू, आधी एवढं कबूल करा. काच अर्धीच खाली केलीत, कारण पूर्ण केली की आतला गारवा निघून जातो. मांडीवर फाइल, फाइलीत तक्ता, हातात पेन. नको त्या वेळी दारात आलेल्या पाहुण्याकडे बघावं तेवढंच झाडाकडे बघितलंत आणि लिहून मोकळे झालात : ‘क्रमांक सतरा. मृत. रहदारीस धोका. तोडावे.’ उंटावरून शेळ्या हाकणारा सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्याला निदान शेळी जिवंत आहे की मेलेली, एवढं तरी वरून दिसत असेल!

बरं, तिथंच थांबायचं. पण गाडी निघता निघता तुमची नजर बुंध्याशी गेली आणि शेऱ्याच्या रकान्यात तुम्ही आणखी एक ओळ ठोकून दिलीत : ‘झाडाखाली हाडांचा ढीग आढळला.’ त्या एका ओळीबद्दल मात्र तुमचे आभार मानायला हवेत. का, ते ऐका.

झाड टेटूचं. जंगल इथवर होतं तेव्हाचं. जंगल हळूहळू मागे सरकत डोंगराच्या खांद्यावर जाऊन बसलं. खाली रस्ता आला, टायरवाला आला, पत्र्याची दुकानं आली. टेटू मात्र जागचा हलला नाही. दिसायला देखणा म्हणावा असा मुळीच नाही. उंच, हडकुळा, फांद्या मोजून आठदहा, आणि त्यांना हातहातभर लांब चपट्या शेंगा लोंबतात, जणू कुणी म्यानासकट तलवारी वाळत घातल्या आहेत. उन्हाळ्यात तो सगळी पानं गाळतो. पान म्हणजे साधंसुधं नव्हे. एकेक पान माणसाच्या उंचीचं, मधला देठ अंगठ्याहून जाड आणि त्याला जागोजागी सांधे. हे देठ वाळले की सांध्यासांध्यावर तुटतात. दोन्ही टोकं फुगीर, रंग उन्हाने पांढराफटक. लांबून बघणाऱ्याला वाटावं, इथं कुणीतरी चारपाच माणसं सोलून टाकली आहेत. जवळून बघणाऱ्याला तसं वाटत नाही. पण त्यासाठी जवळ यावं लागतं.

झाडासमोरचं घर खटकाबाईचं. बाई हाडवैदीण. निखळलेला खांदा जागेवर बसताना ‘खटक्’ असा आवाज होतो, त्यावरून हे नाव पडलं आणि तिच्या खऱ्या नावाला गिळून बसलं. तिच्या पुढच्या खोलीत एक लाकडी बाक आहे, पेशंटांनी बसून बसून मधोमध गुळगुळीत केलेला. भिंतीला खिळ्यांच्या तीन रांगा आणि खिळ्यांवर टेटूच्या शेंगांची अर्धुकं. शेंग उभी चिरायची, आतल्या कागदी पंखांच्या बिया झटकून टाकायच्या, की दोन नीटस पन्हळी हातात येतात. वजनाला पिसासारख्या, पण सहजासहजी मोडणार नाहीत. आत कापूस भरून मोडलेल्या हाताच्या दोन्ही बाजूंनी बसवल्या आणि वरून पट्टी गुंडाळली, की हाताची काय बिशाद हलायची! वरच्या रांगेत नडगीच्या, मधल्या रांगेत कोपराखालच्या, सगळ्यात खाली लहान पोरांच्या. कोपऱ्यात दगडी पाटा. त्यावर टेटूची साल वाटायची, कोमट करायची आणि सुजेवर लेप द्यायचा. मुळाच्या सालीचा काढा बिघडलेल्या पोटाला, तेलात कढवलेली साल ठणकत्या कानाला. सगळं या एका झाडावर.

पण ओरबाडायचं नाही. शेंग ओढून काढायची नाही, आपण होऊन पडेल तीच घ्यायची. मोठ्या झाडाच्या मुळाला कुदळ लावायची नाही. बुंध्याभोवती जी पिल्लं उगवतात त्यांतलं एक घ्यायचं, दोन राखायची. हे दोन नियम आजीपासूनचे. तिसरा खटकाबाईचा स्वतःचा : हाड कातडी फाडून बाहेर आलं असेल तर हात लावायचा नाही, सरळ सरकारी दवाखान्यात. “मी वैदीण आहे, शिंपी नव्हे,” ती म्हणायची, आणि रिक्षा स्वतः थांबवून द्यायची.

तर तुमच्या खात्याची नोटीस आली ती सून घेऊन आली. सून बोलायला फटकळ, कामाला वाघ. लग्न होऊन आली तेव्हा रक्त बघून तिला घेरी येत असे. आता मनगट चाचपून सांगते की मोडलंय की नुसतं मुरगळलंय.

“आई, तुमचा टेटू वारला,” ती दारातूनच म्हणाली.

“कधी?”

“गेल्या मंगळवारी. सही-शिक्क्यासह. पंधरा दिवसांत उचलणार आहेत.”

खटकाबाई एका ड्रायव्हरच्या पायाला लेप देत होती. तिने हात न थांबवता विचारलं, “मेला म्हणून कुणी सांगितलं?”

“साहेबांनी बघितलं म्हणे. पानं नाहीत.”

“साहेबांच्या डोक्यावर तरी कुठे केस आहेत? म्हणून आपण लगेच तिरडी बांधतो का?”

ड्रायव्हर इतका हसला की पाय हलला आणि त्याने स्वतःच “आई गं” म्हटलं.

हसण्यावारी नेलं तरी बाईने मनात हिशेब मांडलाच होता. डोंगरावर आणखी टेटू आहेत, पण चढ तीन तासांचा. दुसऱ्यांचे गुडघे जागेवर आणणाऱ्या बाईचे स्वतःचे गुडघे केव्हाच संपावर गेलेले. सून एकटी किती वेळा जाणार? हा टेटू पडला की भिंतीवरचे खिळे रिकामे, पाटा रिकामा, बाक रिकामा. घराण्याचं काम एका करवतीत खलास.

नोटिशीत लिहिलं होतं, हरकत असल्यास झाड जिवंत असल्याचा पुरावा म्हणून पानाचा नमुना जोडावा. आता पानं गळून गेलेल्या झाडाचं पान आणायचं कुठून? सुनेने डोकं चालवलं. एक देठ घेतला, एक शेंग घेतली, अर्जात सविस्तर लिहिलं की हे झाड दर उन्हाळ्यात असंच करतं आणि नंतर पालवतं, नखाने साल खरवडून बघा, आत हिरवं आहे. आठवड्याने उत्तर आलं : ‘आपण वाळलेली काटकी जोडली आहे. यावरून झाड मृत असल्याचे आपणही मान्य करता, असे दिसते. हरकत फेटाळण्यात येत आहे.’

सुनेने तो कागद दोनदा वाचला आणि म्हणाली, “आई, या माणसाच्या मानेवर काही बसवायचं असेल तर खटका नाही, डोकं बसवा.”

तोडायच्या दिवशी सकाळी नऊला करवतवाला आला. बरोबर दोन माणसं, दोर, शिडी. त्याने दोर खाली टाकला आणि चपला काढून खटकाबाईच्या ओट्यावर येऊन बसला.

“मावशी, तोंड दाखवायला जागा नाही.”

“दाखवू नकोस. खांद्याची हासळी दाखव, मी बसवलेली. दुखते का अजून?”

“नाही. अगदी ठणठणीत.”

“उजवीच ना? म्हणजे करवत धरायला अडचण नाही.”

तो मान खाली घालून बसला. “मी नाही म्हटलं तर दुसऱ्याला पाठवतील. तो तर पिल्लंसुद्धा उपटून टाकेल. मी निदान पिल्लं राखतो.”

बाईला ते पटलं, आणि पटलं म्हणून जास्तच लागलं. ती उठली, झाडापाशी गेली, सालीवर तळवा टेकवून उभी राहिली. पेशंटाला ‘आता जरा दुखेल’ सांगण्याआधी ती असंच करायची. एवढ्यात रस्त्यावर फटफटी कचकन थांबली.

“थांबा! कुणी हलायचं नाही! कुठल्या वस्तूला हात लावायचा नाही!”

चौकीचे जमादार होते. झालं होतं असं की, साहेब, तुमच्या तक्त्याच्या नकला नेहमीप्रमाणे ‘माहितीसाठी’ दहा कचेऱ्यांत गेल्या होत्या. कुणी वाचत नाही. पण चौकीत नवीन कारकून आला होता आणि त्याला अजून न वाचण्याची सवय झाली नव्हती. त्याने वाचलं : ‘झाडाखाली हाडांचा ढीग.’

जमादारांनी ढिगाकडे बघितलं. मग घराकडे बघितलं. दारावर पाटी होती : ‘येथे हाडांचे काम केले जाते.’ त्यांनी वही काढली.

“ही इथं कधीपासून पडतायत?”

“माझ्या आजीच्या आधीपासून,” खटकाबाई म्हणाली. ती अजून झाडाच्या दुःखात होती. कसली चौकशी चालली आहे याकडे तिचं लक्षच नव्हतं.

जमादारांनी घाम पुसला. “दर वर्षी?”

“दर उन्हाळ्यात. यंदा जरा जास्तच.”

“आणि... तुम्ही काय करता त्यांचं?”

“झाडून ढीग लावते. चुलीत घालायला बरी असतात. भुरुभुरु जळतात.”

जमादार ओट्यावर करवतवाल्याच्या शेजारी बसले. करवतवाला तोंडात पंचा कोंबून हसत होता. तेव्हा कुठे बाईच्या लक्षात आलं. सुनेने मागून तिचा दंड चिमटीत धरला, म्हणजे गप्प बसा, बोलू द्या त्यांना, झाड वाचतंय! पण खटकाबाईने दंड सोडवून घेतला.

“जमादार, ही हाडं नाहीत. पानाचे देठ आहेत. टेटूचे.”

“आई!” सून पुटपुटली.

“आई काय आई? खोटं बोलून झाड वाचवलं, तर त्याच झाडाची साल दुसऱ्याच्या अंगाला कुठल्या तोंडाने लावू?” आणि तिने एक देठ उचलून जमादारांच्या हातात दिला. “मोडून बघा.”

जमादारांनी देठ उलटापालटा केला. वास घेतला. मग अगदी कसनुसं तोंड करून परत ठेवला.

“दिसतंय मला, बाई. देठच आहे. लहान पोराला कळेल. पण कागदावर हाडं आहेत. माझ्या डोळ्यांना सही-शिक्का नाही ना!”

“म्हणजे?”

“म्हणजे या जागेला हात लावायचा नाही. निकाल लागेपर्यंत.”

करवतवाला उभा राहिला. “साहेब, माझ्या कागदावर आजच तोडायचं आहे.”

“माझ्या कागदावर हात लावायचा नाही असं आहे.”

“कुणाच्या सांगण्यावरून?”

दोघांनी आपापले कागद ओट्यावर शेजारी शेजारी ठेवले. एका कागदावर झाड मेलं होतं, दुसऱ्यावर झाडाखाली कुणीतरी मेलं होतं, आणि दोन्हींखाली सही एकच. तुमची, साहेब. झोकदार, खाली दोन टिंबं.

जमादारांनी हाडं तपासायला बोलावलेल्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई दुपारी आल्या. वयाने सुनेएवढ्या, बोलायला कोरड्या. खटकाबाईने पाठवलेले पेशंट त्यांच्याकडे नेहमी येत, आणि नुसती मुरगळ असेल तर त्याही माणसाला हळूच टेटूच्या घराचा पत्ता सांगत. त्यांनी देठ उचलला, बुंध्यावर टकटक वाजवला.

“हे हाड असेल तर मी सुतार.”

“मग तसं लिहून द्या आणि मिटवून टाका,” जमादार म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी वर टेटूकडे बघितलं, मग करवतीकडे, मग खटकाबाईच्या भिंतीवरच्या रांगांकडे.

“मी कोण लिहून देणार? एवढ्या मोठ्या साहेबांनी हाडं म्हटलंय. त्यांच्या शब्दावर माझा शब्द बरा दिसेल का? नमुना प्रयोगशाळेत पाठवायला हवा. नियम म्हणजे नियम.”

“किती दिवस लागतात?”

“मागच्या खेपेला दोन महिने लागले होते. तोवर जागा आहे तशी राहू दे. एक काडीसुद्धा हलता कामा नये.”

खटकाबाईने बोटांवर हिशेब केला. टेटूला कोंब यायला तीन आठवडे उरले होते. ती कुठलंही खोटं बोलली नव्हती. खरं तेच सांगितलं होतं, चारचौघांत, दिवसाढवळ्या. खरं कुणाला चाललं नाही त्याला ती काय करणार? त्या दिवशी जमादार, करवतवाला, त्याची दोन माणसं आणि डॉक्टरीणबाई, सगळ्यांना तिने चहा पाजला. सुनेने जमादारांच्या चहात साखर जास्त घातली.

झाडाभोवती पिवळी पट्टी आली आणि पट्टीबरोबर एक शिपाई आला. त्याला खुर्ची दिली नव्हती, म्हणून तो बाकावर येऊन बसे. जे काही घडेल ते वहीत टिपायचं, असा हुकूम. तो नेमाने टिपत असे : ‘सकाळी ७. एक कावळा.’ ‘सकाळी ११.२०. वरून तलवारीसारखी एक वस्तू पडली. जखमी कुणी नाही.’ दोन आठवड्यांत नऊ तलवारी पडल्या. नियमाने त्यांना कुणी हात लावायचा नव्हता, आणि एक लहान पोर हात मोडून घेऊन आली तेव्हा खालच्या रांगेतली शेवटची जोडी संपलेली. खटकाबाई दारात उभी राहून पट्टीपलीकडच्या एका छोट्या शेंगेकडे बघत राहिली. शिपायाने वही मिटली.

“बाई, मी पाणी प्यायला आत जातोय. मला पाणी प्यायला बराच वेळ लागतो.”

तो खरोखरच तीन तांबे पाणी प्यायला. परत येऊन त्याने वहीत लिहिलं : ‘दुपारी १.१०. वाऱ्याने एक वस्तू हलली.’

विसाव्या दिवशी सकाळी सून दात घासता घासता बाहेर गेली आणि तोंडात फेस असतानाच ओरडली. फांद्यांच्या टोकांना कोंब फुटले होते, तांबूस हिरवे, मिटल्या मुठीसारखे. खटकाबाई बाहेर आली, कमरेवर हात ठेवून वर बघत राहिली. शिपाई लगबगीने लिहायला बसला आणि मध्येच थांबून त्याने विचारलं, “बाई, ‘मयत इसमास पालवी फुटली’ असं लिहू का?”

हसता हसता बाईचे डोळे भरून आले. ते तिने पदराने पुसले नाहीत, कारण हाताला लेप होता.

प्रयोगशाळेचा कागद चाळिसाव्या दिवशी आला, तोवर टेटूने सगळ्या ओट्यावर सावली धरली होती. कागदावर होतं : ‘नमुना हाडाचा नाही. वनस्पतीचा पर्णदेठ आहे. ही वनस्पती निरोगी असताना दर वर्षी पाने गाळते.’ निरोगी! सुनेने तो शब्द टायरवाल्याला, दुकानदारांना, येणाऱ्याजाणाऱ्याला वाचून दाखवला. करवतवाला मुद्दाम फटफटीवरून बघायला आला आणि आल्यासारखा मान अवघडली म्हणून चोळून घेऊन गेला.

मग सासूसुना तुमच्या कचेरीत आल्या. तुम्ही पानाचा नमुना मागितला होता ना? तो आणला. एकच पान, पण सुनेच्या खांद्यावरून मागे जमिनीला टेकत होतं; दारातून आत घेताना वळवावं लागलं. तुमच्या कारकुनाने फाइल उघडली, पानाकडे बघितलं आणि फाइल पुन्हा मिटली.

तुम्ही हसलात. हसून म्हणालात, “चूक होते कधीकधी, मावशी.” आणि तक्ता काढून सतरा नंबरावर लाल रेघ मारलीत. “झालं? खूश?”

खटकाबाई खूश होती, खोटं कशाला सांगा. तिला वाटत होतं उठावं, घरी जावं, बाकावर बसावं. पण तक्ता टेबलावर उघडा होता आणि सुनेला उलट्या बाजूने वाचता येतं.

“आई, एकेचाळीस नंबर आहेत.”

“वाच.”

“सोळा, पुलाजवळचा पांगारा, मृत. तेवीस, शाळेमागचा बेहडा, मृत. चोवीस, सातवीण...”

“सातवीण?” खटकाबाई म्हणाली. “ती तर पानं गाळतच नाही. तिच्या सालीवर आमच्या शेजारणीचा ताप उतरतो. तिच्यात काय मेलेलं दिसलं?”

“तिच्यावर धूळ होती,” कारकून हळूच म्हणाला. तुम्ही त्याच्याकडे बघितलंत आणि तो फाइलींची चवड सारखी करू लागला.

“पांगारा फुलायच्या आधी पानं टाकतो. बेहडासुद्धा टाकतो. या लाल फुल्या कसल्या, अकरा ठिकाणी?” बाईने विचारलं.

“ती तोडून झाली,” सून म्हणाली. तिचा आवाज एकदम खाली आला. “पांगारा पण. बेहडा पण.”

“बाई, तुमचं काम झालंय,” तुम्ही म्हणालात. “बाकीच्या झाडांबद्दल कुणाचीही हरकत नाही.”

खटकाबाईने तुमच्यासमोरची खुर्ची ओढली. कुणी बस म्हटलं नव्हतं. ती बसली, दोन्ही हात टेबलावर ठेवले, ज्या हातांनी तिने या गावातली अर्धी हाडं जागेवर आणली आहेत, आणि अजिबात आवाज न चढवता बोलली.

“साहेब, माझा टेटू जिवंत होता म्हणून वाचला नाही. तुम्हाला त्याच्याखाली हाडं दिसली म्हणून वाचला. बाकीच्यांखाली काहीच दिसलं नाही, म्हणून ती मेलेली का? अकरा पाडलीत, त्यांतली जिवंत किती होती? उरलेल्या एकोणतीसांतलं एक तरी झाड कुणी नख लावून बघितलंय का? मला घाई नाही. सुनेने डबा आणलाय. बोला.”